चाळिसाव्या दिवसाचे गहू

पिरेयस,
११ ऑक्टोबर १९४८

ती. स्व. अर्यीरोताईस,

स्तामातिसचा सा. न. वि. वि. यातली पहिली विनंती अशी, की चुलीत टाकण्याआधी पत्र शेवटपर्यंत वाच.

आठ महिने तुला पत्र नाही. कारणं शोधायला बसलो तर पाच-सहा चांगली सापडतील, पण ती खोटी असतील. खरं कारण आळस. ईस्टरला कागद विकत आणला होता, त्यावर किरा-एव्थालियानं रंगवलेली अंडी वाळत ठेवली आणि कागद लाल झाला. किरा-एव्थालिया म्हणजे माझी घरमालकीण. जळत्या स्मर्ना शहरातून डोक्यावर एक पातेलं घेऊन पळून आलेली बाई. ते पातेलं आलेल्या प्रत्येकाला दाखवते. मग मी पात्रा शहरात मनुके वाळवायच्या कामावर गेलो, तिथून एका स्पंज काढणाऱ्या बोटीवर, पण मला बोट लागते हे बोटीवर चढल्यावर कळलं. आता सिनेमाची पोस्टरं चिकटवतो. शहर पायी बघायला मिळतं. खळीची बादली तेवढी जड.

थिमिओस ड्रायव्हर काल बाजारात भेटला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, की तुझी बहीण दर खेपेला बसच्या दारात येऊन उभी राहते, आणि मी दर खेपेला तिला तू जिवंत आहेस एवढंच सांगतो, आता मला त्याचा कंटाळा आलाय. मला लाज वाटली. हे पत्र त्याच्याच सीटखाली येतंय, म्हणून मोकळं लिहितो.

बाबांना जाऊन पाच वर्षं झाली, तेव्हा रीतीप्रमाणे या शरदात त्यांना कबरीतून वर काढायचं तू म्हणत होतीस. मी येणार नाही, ताई. तुम्ही बायका हाडं एकेक करून हातात घेता, वाइननं धुता, पुसून पेटीत ठेवता, आणि मध्येच बाबांशी बोलता. मला ते जमणार नाही. आईच्या वेळी मी पाच वर्षांचा होतो आणि झाडामागे लपलो होतो म्हणे. अजूनही झाडच शोधीन. माझ्या वाटणीची वाइन तू ओत.

आणि आपला डोंगरातला बंडखोर? दादाची काही खबर? त्याला निरोप पोचला तर सांग, की पोरींना दाखवण्यासाठी माझा शिंगाचा कंगवा नेलास, तो आधी परत कर, मग जगाला न्याय दे. डोंगरात कोण बघतंय त्याचे केस!

झिसिसमामाला माझा नमस्कार सांगू नकोस. सांगितलास तर तो पत्ता विचारेल. गावाचा अध्यक्ष झाल्यापासून त्याला प्रत्येकाचा पत्ता लागतो.

लोभ आहेच, त्यात शिव्या मिसळून पाठव, म्हणजे घरचं वाटेल.

तुझा
स्तामातिस


पेत्रोव्रिसी,
३१ ऑक्टोबर १९४८

चि. स्तामातिस यास ताईचे अ. उ. आ.

हे वाचून झालं की जाळ. उत्तर थिमिओसच्याच हाती दे, टपालानं नको. टपाल आता मामाच्या टेबलावरून जातं. प्रत्येक पाकीट उघडायचा त्याला हुकूम आहे आणि मामा हुकूम पाळतो.

आपला लांब्रोस, तुझा दादा, गेला. चोवीस तारखेला, गिरणीच्या पुलाजवळ. सात जण होते. सातांनाही खेचरांवर घालून आणलं आणि चौकात चिनाराखाली ओळीनं ठेवलं. तीन दिवस. दुसऱ्या दिवशी मामानं चर्चच्या पायरीवर उभं राहून हुकूम वाचला. हे दरोडेखोर आहेत, यांना माती नाही, घंटा नाही, गहू नाही. जो देईल तो त्यांच्यातलाच धरला जाईल. दोरीचा तो चष्मा लावून मामा एका दमात वाचत होता. सात नावं वाचली. लांब्रोसचं वाचताना आडनाव आधी घेतलं, नोंदवहीत असतं तसं. मांडीवर खेळवलेल्या पोराचं आडनाव, स्तामातिस.

किरा-सुल्तानाचा थोरलाही त्या ओळीत होता. तिनं मामाला विचारलं, की डोळे तरी मिटू का. मामा म्हणाला, हुकमात डोळ्यांचं काही लिहिलेलं नाही. मग त्यानं पोलीस ठाण्याच्या सार्जंटकडे पाहिलं. सार्जंटनं मान हलवली, नाही म्हणून. सुल्ताना परत गेली. सत्तावीसला सातांना मेंढवाड्याखालच्या दरीत टाकलं.

अठ्ठावीसला राष्ट्रीय दिनाची परेड. सगळ्या गावाला ट्रकमध्ये भरून खालच्या गावी नेलं, झेंडे धरायला. मी मामाकडे जाऊन म्हटलं, की आज बाबांना वर काढायचा दिवस ठरलाय, आपल्या पाद्रीनं, पापा-फोतिसनं, आशीर्वाद दिलाय, मला सूट दे. मामानं स्वतःच्या सहीनं चिठ्ठी दिली आणि म्हणाला, माझ्याकडूनही थोडी वाइन ओत. बाबा त्याचा मेहुणा आणि पत्त्यातला भिडू, विसरला नाही तो.

भर दुपारी, डोक्यावर ऊन, मी आणि पापाची बायको. बाबांना काढलं. स्वच्छ निघाले, पिवळे, मेणासारखे. धुतलं, पेटीत ठेवलं, पेटी हाडांच्या खोलीत नेली. खड्डा उघडाच होता. आपल्याकडे उघडा खड्डा दिसला तर कोणी विचारत नाही का उघडा, आणि संध्याकाळी बुजलेला दिसला तर कोणी विचारत नाही कशानं बुजवला. मी पापाचं खेचर घेतलं आणि दरीत उतरले.

चेहऱ्यावरून ओळखण्यासारखं नव्हतं. मोज्यांवरून ओळखलं, मीच विणलेले. उचलताना हलका लागला. लहानपणी तू त्याच्याहून जड होतास. उरलेल्या वाइननं पुसलं. खिशात तुझा कंगवा होता, त्यानंच त्याचे केस विंचरले. आता तो माझ्याकडे आहे. येशील तेव्हा घे, यायला तुला तेवढं तरी कारण राहील.

बाकीचे सहा तिथंच राहिले. खेचर एक होतं आणि खड्डा एक होता. किरा-सुल्तानाचा पोरगा उताणा होता. मी त्याचे डोळे मिटले आणि आले. हे मी पापाच्या बायकोलाही सांगितलेलं नाही.

मी काही मोठं केलं असं समजू नकोस. तुझ्या जन्माच्या वेळी आई जाताना मला म्हणाली होती, की दोघांना न्हाऊ घाल. मी आठ वर्षांची होते, हो म्हटलं. त्या हो मध्ये सरकार कुठं आलं नव्हतं.

आता तुझं काम. दोन डिसेंबरला चाळिसावा दिवस. इथं मी त्याच्या नावाचे गहू उकडले तर वास अख्ख्या गल्लीत जाईल आणि सगळे विचारतील कोणासाठी. तिथं तुला कोण ओळखतं? चर्चमध्ये नावांचा कागद दे. उजवीकडे जिवंत, डावीकडे मेलेले. पाद्री फक्त बारशाचं नाव वाचतो, आडनाव वाचत नाही. लांब्रोस म्हणजे कुठला लांब्रोस, हे देवाला कळतं, सार्जंटला कळत नाही. एवढी एक फट त्यांनी बुजवायची ठेवलीय.

विसरू नकोस. तुझं विसरणं मला माहीत आहे, म्हणून दोनदा लिहिते. विसरू नकोस.

तुझ्यावर माया आहे, ती तू कमावलेली नाहीस, तरी आहे.

अर्यीरो


पिरेयस,
५ डिसेंबर १९४८

ती. स्व. ताईस,

स्तामातिसचा कृ. सा. न. वि. वि. या वेळी विनंती नाही, बातमी आहे. मी विसरलो नाही!

तुझं पत्र वाचून पहिले चार दिवस मी पोस्टरं उलटी चिकटवली. मालकानं शिव्या घातल्या. आदल्या दिवशी किरा-एव्थालियाला म्हटलं, की मला गहू उकडायचेत, किती वेळ लागतो. तिनं कोणासाठी हे विचारलंच नाही. म्हणाली, गहू किती वेळ उकडायचे हे ज्या पुरुषाला विचारावं लागतं त्याच्या घरात बाई उरलेली नसते. मग ते स्मर्नाचं पातेलं काढलं. तीन तास लागतात, ताई, आणि मग फडक्यावर पसरून वाळवायचे, नाहीतर आंबतात. डाळिंबाचे दाणे, बेदाणे, दालचिनी, वर साखरेचा थर, आणि त्यावर बदामांनी नावाचं पहिलं अक्षर. अक्षर मी काढलं. थोडं वाकडं आलं. त्याचंही अक्षर वाकडंच होतं.

आता एक गंमत, म्हणजे गंमत नाही, पण तू हसशील. चर्चमध्ये उशिरा पोचलो. कागद गुडघ्यावर धरून घाईघाईत नावं लिहिली आणि उजवं-डावं चुकलं. पाद्री मोठ्यानं वाचायला लागला आणि जिवंतांमध्ये बाबा, आई आणि दादा. उदंड आयुष्य दे म्हणाला! मग मेलेल्यांमध्ये तू आणि मी. मी ओरडलोच. सगळ्या म्हाताऱ्या वळून बघायला लागल्या. किरा-एव्थालियानं तीनदा स्वतःच्या छातीवर थुंकून दृष्ट काढली आणि मला कानाला धरून पुढे नेलं. पाद्री चिडला, पण पुन्हा नीट वाचलं. तिला अजून बरं वाटत नाहीये, रोज तुझ्या नावानं तेलाचा दिवा लावते. मला मात्र वाटतं, की अर्धा मिनिट का होईना दादा जिवंत होता, आणि तेही चर्चमध्ये, सगळ्यांसमोर, कोणाच्या परवानगीशिवाय.

हे पत्र थिमिओसकडे द्यायचं होतं. निघालोही वेळेवर. पण गोदीपाशी ही गर्दी! सर्कशीचा हत्ती क्रेननं बोटीतून उतरवत होते. ताई, पोटाखाली पट्टा, चारही पाय हवेत लोंबताहेत, आणि तो ओरडत नव्हता, नुसता खाली बघत होता. जमिनीला पाय लागेपर्यंत मला हलवेना. पोचलो तर बस गेलेली, आणि बर्फामुळे थिमिओस आता ख्रिसमसनंतरच येणार. तू तिकडे वाट बघत बसशील म्हणून टपालानं पाठवतो. घाबरू नकोस, मी शहाण्यासारखं लिहिलंय, दादाचं नाव कुठंही आलेलं नाही.

इथं थंडी फार आहे. निदान आपल्या घरी सगळे नीट झोपलेत याचं समाधान वाटतं. बाबा त्यांच्या पेटीत, आणि बाबांच्या अंथरुणात तो. तुमचा सार्जंट बेटावरचा ना, त्याला वाटेल पाहुणे आलेत. आणि मामाला आधी चष्मा सापडायला हवा.

बदामाचं अक्षर मोडून एक तुकडा तुझ्यासाठी ठेवलाय. माया वाढावी, निदान कमी तरी होऊ नये, एवढं या वेळी मागायचा हक्क मला आहे.

तुझा शहाणा
स्तामातिस


पेत्रोव्रिसी,
२० डिसेंबर १९४८

चि. स्तामातिस यास झिसिसमामाचा आशीर्वाद. पत्र लिहिण्यास कारण की,

तुझं पाच तारखेचं पत्र पोचलं. ज्या नावानं लिहिलं होतंस तिच्यापर्यंत नाही.

सार्जंटच्या हाती ते पत्र माझ्याआधी पडलं होतं. वाचून हसला, म्हणाला, तुमचा भाचा मजेशीर आहे, हत्तीचं चांगलं लिहिलंय. आणि पाकीट माझ्याकडे सरकवलं. त्याला त्यात काही दिसलं नाही. त्यांच्या बेटावर मेलेल्याला पुन्हा वर काढत असतील-नसतील, मला ठाऊक नाही. पण मी इथला आहे. पेटी आणि अंथरूण हे शब्द वाचले तेव्हा मला अठ्ठावीस तारीख आठवली, आणि माझी स्वतःची सही आठवली. चष्मा नाकावरच होता.

तीन दिवस ते पत्र माझ्या कोटाच्या आतल्या खिशात होतं. जेवताना, मिटिंगमध्ये, चर्चमध्ये. तिसऱ्या दिवशी किरा-सुल्ताना ऑफिसात आली. दरीपाशी जाऊन नुसतं उभं राहायची परवानगी मागत होती. हात लावणार नाही म्हणाली, कोल्हे हाकलीन फक्त. मी नाही म्हटलं. ती माझ्या हाताला ओठ लावून गेली. स्तामातिस, सहा आया माझं ऐकून घरी बसल्यात. त्यांनी कायदा पाळला कारण मी पायरीवर उभं राहून वाचला. आणि माझ्या भाचीनं माझ्याच सहीच्या चिठ्ठीवर आपला तेवढा आणला. मी गप्प बसलो असतो तर तो कायदा कुठला राहिला? मग ते माझं घर झालं असतं, आणि बाकीचं गाव उकिरडा.

तू म्हणशील मामाला काळीज नाही. माझा अपोस्तोलिस जुलैत सीमेवर पडला, सरकारच्या बाजूनं. कर्नलचं पत्र आलं, रणभूमीवरच दफन केलं म्हणून. कुठल्या भूमीवर? उद्या पाच वर्षांनी मी कोणाला वर काढू? कशाला वाइन लावू? तुझ्या मामीनं त्याची शाळेतली पाटी धुऊन ठेवलीय, दुसरं काही नाही म्हणून.

चौथ्या दिवशी मी पत्र सार्जंटच्या टेबलावर ठेवलं आणि त्याला वाक्य समजावून सांगितलं.

कबर उघडली तेव्हा मी तिथं होतो. अध्यक्षाला असावं लागतं. पुढचं विचारू नकोस. अर्यीरो उभी होती, रडली नाही. मला एवढंच म्हणाली, की मामा, त्याच्या अंगावर फार जोरानं फावडं मारू नका म्हणावं.

मग कागद आला. छापील असतो. नाव भरायचं, सही करायची, रविवारी चर्चमध्ये वाचून दाखवतात आणि पेपरात येतं. दरोडेखोर अमुक याच्याशी माझं काही नातं नाही, मी केलं त्याचा मला पश्चात्ताप आहे. सही केली की घरी. मी तिच्या चुलीपाशी जमिनीवर बसलो, स्तामातिस, मी, या वयात. हात जोडले. तिनं मला कॉफी करून दिली, माझ्या आवडीची, बिनसाखरेची. म्हणाली, पश्चात्ताप लिहा, दंड लिहा, मी वेडी आहे लिहा, सगळ्याखाली सही करते. फक्त नातं नाही हे दोन शब्द खोडा. मी तो कागद घेऊन सार्जंटकडे गेलो. तो वाईट माणूस नाही. त्यानं कागद उजेडात धरून पाहिला आणि म्हणाला, हा छापील आहे, यात खोडता येत नाही.

अठरा तारखेला तिला नेलं. बेटावर, बायकांच्या छावणीत. तंबू आहेत म्हणतात. मी माझा कोट तिच्या अंगावर घातला. खालच्या गावापर्यंत तिला थिमिओसच्या बसनं नेलं; त्यानं नंतर तो परत आणून दिला, तिनं सीटवर घडी घालून ठेवला होता.

माझ्याशी ती बोलणार नाही. तू लिही तिला. तुझं ऐकेल. तुझे सगळे हट्ट तिनं ऐकलेत. आयुष्यात एकही गोष्ट तू वेळेवर केली नाहीस. ही कर.

तुझा
मामा झिसिस


(बेटावरून, तपासून पुढे पाठवलेलं कार्ड)
१९ जानेवारी १९४९

चि. स्तामातिस यास अ. उ. आ. इथं दहाच ओळी लिहायला मिळतात, म्हणून आशीर्वाद आखडून घे.
प्रकृती बरी आहे. खोकला आहे, तो सगळ्या तंबूला आहे, एकीला येऊन कसा चालेल.
समोर समुद्र दिसतो. तुला बोट लागते ते आठवून हसले.
तुझी तिन्ही पत्रं मिळाली, चर्चची आणि हत्तीची हकिगत पुन्हा लिहिलीस तीही. तिन्हींत तू एकच मागतोस. ते मागू नकोस.
तुझी चूक नाही. तुला गप्प बसायला कोणी शिकवलंच नाही, आणि शिकवणारी मीच होते.
कंगवा जवळ आहे. त्याचे आणखी दोन दात गेले. तंबूतल्या सगळ्या जणी वापरतात.
मामाला सांग, की कोट मी रागानं सीटवर ठेवून आले नाही. त्याचा एकच आहे आणि गावात बर्फ होतं.
हत्तीचं पुढे काय झालं ते लिही.
माझ्या नावाचा दिवा विझवायला सांग किरा-एव्थालियाला, तेल महाग आहे.
दहावी ओळ सहीची धरतात. अर्यी


पिरेयस,
१४ फेब्रुवारी १९४९

ती. स्व. ताईस,

स्तामातिसचा सा. न. वि. वि. आणि हे विनंतीचंच पत्र आहे, तू नको म्हटलंस तरी.

तुझं कार्ड येऊन दोन आठवडे झाले. उत्तर लांबवलं. आळस नाही, ताई, या वेळी खरंच नाही. रोज कागद समोर घेतो आणि रोज तेच लिहितो, सही कर, आणि फाडतो. तुझं नाव अर्ध्यावर संपलंय ते मी रोज बघतो. दहाव्या ओळीत जागा होती. बोट थकलं का तुझं?

आधी हत्तीचं. हत्ती मेला. थंडीनं. त्याची पोस्टरं अजून भिंतींवर आहेत, मीच चिकटवलेली, आणि आता मालक म्हणतो त्यांच्यावर दुसरी चिकटव. मी दोन गल्ल्या सोडून दिल्यात. काम जाईल बहुतेक.

मी अथेन्सला तीन ऑफिसांत जाऊन आलो. एका ठिकाणी विचारलं, की बहिणीच्या ऐवजी भावानं सही केली तर चालते का. मी करतो म्हटलं. तोही माझाच भाऊ होता, माझं नातं लिहून घ्या की काढून, दोघांचं मिळून एक धरा. कारकून हसला नाही. त्यानं नियम काढून बघितला, खरंच बघितला, चार पानं उलटली. मग म्हणाला, की ज्याचा गुन्हा त्याचीच सही. मी म्हटलं गुन्हा माझाच आहे, पत्र मी लिहिलं. तो म्हणाला, पत्र लिहिणं गुन्हा नाही. बघ, कायद्यानं मी निर्दोष आहे. देशात एवढा निर्दोष माणूस दुसरा नसेल. तू दोन ओळी लिहिल्या होत्यास, विसरू नकोस, टपालानं नको. मी पहिली पाळली.

ताई, आता नीट ऐक. कबर रिकामी आहे. तू कशाची राखण करतेस? आईला शब्द दिलास तो तू पुरा केलास, दोघांना न्हाऊ घातलंस, एकाला तर दोनदा. आता उरले ते नुसते शब्द, छापलेले. त्या दिवशी चर्चमध्ये पाद्रीनं उलटं वाचलं, आठवतं? दादाला जिवंत केलं, तुला-मला मेलेलं. काय झालं? काही नाही. मी ओरडलो आणि त्यानं पुन्हा नीट वाचलं. तसंच कर. तू सही कर, पापा-फोतिसला ते खोटं वाचू दे, गावाला ऐकू दे. मग तू घरी ये, आपण दोघं दार लावून बसू, आणि मी नीट वाचून दाखवीन. उजवं उजवीकडे, डावं डावीकडे. या वेळी चुकणार नाही. मी रोज सराव करतो, हसू नकोस, कागदावर दोन रकाने पाडून नावं लिहितो. तू उजवीकडे. दर वेळी उजवीकडे.

किरा-एव्थालियाला दिव्याचं सांगितलं. ती म्हणाली, तुझ्या बहिणीला म्हणावं स्वतःच्या तंबूचं बघ, माझ्या तेलात लक्ष घालू नकोस. दिवा चालू आहे.

मामाला पत्र टाकलं होतं, कोटाचं लिहून. उत्तर नाही. थिमिओस सांगत होता, की मामानं अध्यक्षाची खुर्ची अजून सोडलेली नाही पण तिच्यावर बसतही नाही, उभ्यानं सह्या करतो. आणि किरा-सुल्ताना आता रोज दरीपाशी जाऊन उभी राहते. कोणी अडवत नाही. हुकूम उठलेला नाही, पण तिकडे कोणी बघत नाही म्हणे. तुझ्यानंतर झालं हे सगळं. तुझ्या उपयोगाचं काहीच नाही त्यात.

उद्या हे पत्र टाकतो. नाही, आजच टाकतो. खाली दार वाजतंय, थिमिओस असेल तर त्याच्याकडेच देतो, तो बंदरावर ओळखीच्या खलाशाकडे

थिमिओस नाही. मामा आलाय.

ताई, झिसिसमामा. आयुष्यात लामिया शहराच्या पुढे न आलेला माणूस. पाकिटावरचा पत्ता विचारत आला असेल. अंगावर तोच कोट आहे. मी बस म्हटलं तरी बसत नाहीये. मी त्याला म्हटलं, थांब, अर्यीरोचं पत्र पुरं करतो, दोन ओळी राहिल्यात, तुझाही निरोप लिहू का. त्यानं खिशातून छावणीचा शिक्का असलेलं पाकीट काढलं आणि त्यातला माझा शिंगाचा कंगवा या कागदावर ठेवला. चार दात गेलेत.

मी लिहितोच आहे. थांबलो तर

त्याच्या दुसऱ्या हातात कापडी पिशवी आहे. आता दारात परत जाऊन, टोपी काढून, तो किरा-एव्थालियाला विचारतोय, की गहू किती वेळ उकडायचे असतात.